दबलेले की दाबलेले? ‘डिप्रेस्ड’ या इंग्रजी विशेषणाचा आपला इतिहास

गोंदिया, आमगाव, तिरोडा, अर्जुनी मोरगाव इथल्या कोणत्याही अभ्यासिकेत जाऊन बसा. दोन-तीन वर्षे भरतीची तयारी करणारी आपली मुलेमुली एक इंग्रजी शब्द अगदी सहज वापरतात. ‘सर, सध्या मी थोडा डिप्रेस्ड आहे.’ आई-वडिलांच्या तोंडी हा शब्द नाही. ते म्हणतात, ‘पोराचं मन लागत नाही’, नाहीतर ‘टेन्शनमध्ये राहतो’. पण पोरांच्या तोंडी ‘डिप्रेस्ड’ पक्का बसला आहे. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर तोच, मित्रांच्या गप्पांत तोच.

यातल्या फार थोड्या मुलांना ठाऊक असते की हेच विशेषण एके काळी त्यांच्या पणजोबाला सरकारी कागदांत लावलेले होते. एकट्या पणजोबाला नव्हे, त्याच्या संपूर्ण समाजाला. ‘डिप्रेस्ड क्लासेस’. विसाव्या शतकाची पहिली पस्तीस वर्षे आपण इंग्रजी राज्याच्या दप्तरात याच नावाने वावरलो. गोलमेज परिषदेत याच नावाने बसलो आणि पुणे करारावरही याच नावाने सह्या झाल्या. मग बाबासाहेबांनी हे नाव नको असे का म्हटले? आणि जो शब्द त्यांनी समाजावरून काढायला लावला, तो ऐंशी-नव्वद वर्षांनी आपल्याच पोरांच्या तोंडी एकेकट्याचे विशेषण होऊन कसा आला? या दोन प्रश्नांसाठी हा लेख आहे. शब्दांचा कीस पाडायची आम्हाला हौस नाही. पण ज्या समाजाचे हक्क, जागा, शिष्यवृत्त्या आणि दाखले विशेषणांवर ठरले, त्या समाजाला विशेषणांचा इतिहास माहीत नसणे परवडणारे नाही.

आधी शब्दच पाहू. ‘डिप्रेस्ड’ लॅटिनमधून आला. त्यात ‘खाली’ आणि ‘दाबणे’ हे दोन भाग आहेत. म्हणजे खाली दाबलेला. जमिनीचा खोलगट भागही इंग्रजीत डिप्रेस्ड असतो. 1929 नंतर जगभर आलेल्या महामंदीचे नावही याच घराण्यातले. आणि बंगालच्या उपसागरावर जे तयार झाल्याशिवाय आपल्याकडच्या बांध्यांत पाणी साचत नाही, रोवणी अडून राहते, त्या खोल ‘कमी दाबाच्या क्षेत्रा’लाही हवामान खाते इंग्रजीत डिप्रेशनच म्हणते. गंमत अशी की हवेत डिप्रेशन दाब कमी झाल्यावर येते आणि माणसांत दाब वाढल्यावर.

मराठीत या शब्दाचे भाषांतर करताना एक अडचण येते आणि आमच्या मते सगळा वाद त्या अडचणीतच आहे. ‘दबलेला’ म्हणायचे की ‘दाबलेला’? फरक एका कान्याचा आहे. दबणे हे आपोआप घडते. गादी दबते, आवाज दबतो, माणूस स्वभावाने दबून राहतो. दाबायला मात्र दुसरा कोणीतरी लागतो. ‘दाबलेला’ म्हटले की ऐकणारा लगेच विचारतो, कोणी दाबला? ‘दबलेला’ म्हटले की तो प्रश्न उठतच नाही. इंग्रजी शब्दात हा काना दिसत नाही. तो दोन्ही अर्थांनी चालतो आणि म्हणूनच तो सगळ्यांच्या सोयीचा होता.

कोणाच्या सोयीचा? या शब्दाच्या आधी सरकारी पुस्तकांत आपल्यासाठी काय होते ते बघा. 1916 मध्ये रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ निघाला. आपला आजचा गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्य प्रांतात. स्वतंत्र गोंदिया जिल्हा व्हायला 1 मे 1999 उजाडावे लागले. तर त्या ग्रंथात महारांची ओळख ‘अशुद्ध’ जात अशी करून दिली आहे. जाडेभरडे कापड विणणारा, गावाची राखण करणारा, मजुरी करणारा माणूस, आणि त्याचे पहिले विशेषण ‘अशुद्ध’! लेखक इंग्रज अधिकारी असला तरी विशेषण ब्राह्मणी धर्मशास्त्राचे. त्यापुढे ‘डिप्रेस्ड’ सभ्य वाटला. सरकारला चालला आणि सुधारकांनाही चालला.

पण सुधारक त्या शब्दात काय भरत होते? अॅनी बेझंट यांनी 1909 मध्ये ‘डिप्रेस्ड क्लासेस’च्या उद्धारावर लेख लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की प्रत्येक देशात समाजाच्या तळाशी असा एक अडाणी, अस्वच्छ थर असतोच, इंग्लंडातही आहे. त्यांच्याविषयी करुणा बाळगावी, पण त्यांच्या मुलांना वरच्या घरातल्या मुलांसोबत एका शाळेत बसवू नये. बाबासाहेबांनी हा लेख पुढे आपल्या ग्रंथात मुद्दाम उद्धृत केला, कारण हे उघड ‘दबलेले’चे तत्त्वज्ञान आहे. तळ आपोआप तयार होतो, त्यात कोणाचा गुन्हा नाही, फक्त दया करायची. ज्या देशात पाणवठा, देऊळ, शाळा आणि जमीन यांवर लिखित-अलिखित बंदीचे कायदे होते, त्या देशाविषयी हे लिहिले गेले!

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे हे वेगळ्या तोलाचे माणूस होते, त्यांना बेझंटबाईंच्या रांगेत बसवणे अन्याय होईल. 18 ऑक्टोबर 1906 रोजी मुंबईत त्यांनी ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ काढले, अस्पृश्यांच्या वस्तीत जाऊन शाळा चालवल्या. पण त्यांच्या संस्थेचे मराठी नाव पाहा: ‘भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी’. डिप्रेस्ड म्हणजे निराश्रित. ज्याला आश्रय नाही तो. या नावात कळकळ आहे, पण दाबणारा नाही. निराश्रिताला आश्रय दिला की काम संपले. कोणी बेघर केले हे विचारायची गरज नाही.

आता 1920 च्या नागपूरकडे येऊ. 30 मे ते 1 जून असे तीन दिवस छत्रपती शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली तिथे परिषद भरली. बाबासाहेब तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते, ‘मूकनायक’ निघून चार महिने झाले होते. कायदेमंडळात अस्पृश्यांचे प्रतिनिधी कोणी निवडायचे, यावर शिंदे यांच्या मिशनने घेतलेल्या भूमिकेला त्यांनी याच परिषदेत विरोध केला. या परिषदेचे मराठी नाव होते ‘अखिल भारतीय बहिष्कृत समाज परिषद’. इंग्रजीत तीच ‘डिप्रेस्ड क्लासेस’ची परिषद. चार वर्षांनी, 20 जुलै 1924 रोजी, बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापन केली. तिचे इंग्रजी नाव ‘डिप्रेस्ड क्लासेस इन्स्टिट्यूट’. 1927 मध्ये पत्र काढले तेही ‘बहिष्कृत भारत’.

इंग्रजी शब्द तोच ठेवला, मराठी मात्र बदलला. निराश्रिताच्या जागी बहिष्कृत आला. आमच्या मते आपल्या चळवळीतली ही पहिली मोठी शब्दक्रांती आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. बहिष्कार घालावा लागतो. तो घालणारा गाव असतो, पंचायत असते, जात असते. ‘बहिष्कृत’ म्हटले की आरोपी समोर येऊन उभा राहतो. दाबलेले, ठसठशीत कान्यासह. सरकारशी बोलताना सरकारचा शब्द वापरायचा आणि आपल्या माणसांशी बोलताना खरा शब्द वापरायचा, अशी ही दुहेरी तयारी होती. त्या काळात आपल्या भागातूनही माणसे पुढे येत होती. गोंदियाचे कालीचरण नंदागवळी हे मध्य प्रांताच्या कायदे कौन्सिलात गेलेले अस्पृश्य समाजाचे पुढारी. नागपूर रेल्वेने दोन-अडीच तासांवर. तिथे जे बोलले जाई ते इकडच्या वस्त्यांत पोचायला वेळ लागत नसे.

मग बाबासाहेबांनी इंग्रजी शब्दालाच हात का घातला? कारण तो शब्द आता नुसता वर्णनाचा राहिला नव्हता, मोजणीचा झाला होता. 1916 मध्ये नागपूरच्या सर माणेकजी दादाभॉय यांनी केंद्रीय कायदे कौन्सिलात ‘डिप्रेस्ड क्लासेस’च्या सुधारणेचा ठराव मांडला, तेव्हा हे कोण लोक, हे ठरवायची वेळ सरकारवर आली. त्या काळच्या सरकारी याद्यांत अस्पृश्य, आदिवासी आणि इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमाती एकाच गाठोड्यात बांधलेल्या दिसतात. जोवर प्रश्न दयेचा होता तोवर गाठोडे मोठे असले तरी कोणाचे काही बिघडत नव्हते. उलट मोठ्या मनाचा देखावा होई.

प्रतिनिधित्वाचा प्रश्न आला आणि चित्र पालटले. 1932 मध्ये लोथियन समिती मताधिकारासाठी देशभर फिरली. कोणत्या प्रांतात ‘डिप्रेस्ड’ किती, यावर जागा ठरणार होत्या. तेव्हा काय घडले ते बाबासाहेबांनी एका निबंधात आकड्यांसकट लिहून ठेवले आहे. संयुक्त प्रांत, म्हणजे आजचा उत्तर प्रदेश. जनगणनेत तिथे अस्पृश्य कोटीच्या वर. प्रांतिक समितीने सांगितले, सहा लाख. बंगालात जनगणनेचा आकडा पुन्हा कोटीच्या घरात, समितीच्या हिशेबात सत्तर हजार! माणसे कुठे गेली? कुठेच नाही, फक्त विशेषणाची व्याख्या आवळली. काल ज्याला विहिरीवर चढू देत नव्हते, तो आज ‘तसा काही डिप्रेस्ड नाही’ असे सांगितले जाऊ लागले. दया वाटायची असेल तेव्हा आपण कोट्यवधी, वाटा द्यायचा असेल तेव्हा मूठभर.

म्हणून बाबासाहेबांनी दोन गोष्टी एकाच वेळी केल्या. एक, व्याख्या घट्ट केली. डिप्रेस्ड म्हणजे अस्पृश्यच, यात गरीब, मागास, अशिक्षित असे सगळे मिसळू नका. दुसरे, नावच बदलून मागितले. 4 नोव्हेंबर 1931 रोजी गोलमेज परिषदेला बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी पुरवणी निवेदन दिले. त्यात त्यांनी स्वच्छ म्हटले की ‘डिप्रेस्ड क्लासेस’ हे नाव आमच्या लोकांना आणि त्यांच्याविषयी आस्था असणाऱ्या बाहेरच्यांनाही मान्य नाही, ते हीनपणा आणणारे आहे. त्याऐवजी तीन पर्याय सुचवले: ‘नॉन-कास्ट हिंदू’, ‘प्रोटेस्टंट हिंदू’ किंवा ‘नॉन-कन्फॉर्मिस्ट हिंदू’. पुढे लोथियन समितीला दिलेल्या 1 मे 1932 च्या टिपणात ‘एक्स्टिरिअर’ किंवा ‘एक्स्क्लूडेड’, म्हणजे बाहेर ठेवलेल्या जाती, हा पर्याय आला. यातला ‘एक्स्टिरिअर’ हा शब्द 1931 च्या जनगणनेत आयुक्त हटन यांनी वापरलाच होता.

या पर्यायांकडे नीट पाहा. ‘हिंदू’ हा शब्द पाहून आज आपल्यातले काही तरुण अडखळतात. 1931 साल आहे, येवल्याची घोषणा अजून चार वर्षे लांब आहे, हे ध्यानात घ्यावे. पण त्या पर्यायांतली विशेषणे बघा. एक जात नाकारणारा, दुसरा निषेध करणारा, तिसरा मान न तुकवणारा. तिन्ही विशेषणांत माणूस स्वतः काहीतरी करतो आहे. ‘डिप्रेस्ड’ मध्ये त्याला काहीतरी केले जाते, आणि कोणी केले तेही लिहिलेले नाही. बाबासाहेबांचा आक्षेप नुसत्या अपमानाला नव्हता. तो समाजाला कायमचे कर्म बनवून ठेवणाऱ्या व्याकरणाला होता, असे आम्ही मानतो.

सरकारने यातले एकही नाव घेतले नाही. 24 सप्टेंबर 1932 च्या पुणे करारात ‘डिप्रेस्ड क्लासेस’ असेच शब्द आहेत. 148 जागा त्या नावाने मिळाल्या, त्यांतल्या 20 आपल्या मध्य प्रांताच्या. त्यानंतर 1935 चा कायदा आला आणि इंग्रजांनी वादच मिटवून टाकला. जे पूर्वी डिप्रेस्ड क्लासेस म्हणून ओळखले जात त्यांच्याशी जुळणाऱ्या जातींची यादी जोडू, आणि त्या यादीत जे असतील ते ‘शेड्यूल्ड’. 1936 मध्ये यादी निघाली. शेड्यूल्ड म्हणजे यादीत नाव असलेला, अनुसूचित. ना अशुद्ध, ना दबलेला, ना निषेध करणारा. थंड, कारकुनी शब्द. (आज शेड्यूल म्हणजे वेळापत्रक. ‘माझं शेड्यूल बिझी आहे’ म्हणणाऱ्यांना हा शब्द आपल्या दाखल्यावर कुठून आला हे विचारून बघा.)

पण या थंड शब्दाचे एक मोल आहे. डिप्रेस्ड ठरवताना वाद घालता येतो, यादीत नाव आहे की नाही यावर येत नाही. कोट्यवधींचे सत्तर हजार करायला मग वाव उरत नाही. अर्थात यादीचीही आपली गंमत आहे. मध्य प्रांताच्या 1936 च्या यादीत कित्येक जाती काही जिल्ह्यांपुरत्याच अनुसूचित होत्या. धोबी आपल्या भंडारा जिल्ह्यात अनुसूचित, शेजारच्या नागपूर जिल्ह्यात नाही. परीट-धोबी समाज आजही भंडारा-बुलढाण्याचा तो दाखला देऊन आपली मागणी मांडतो. म्हणजे जिल्ह्याची हद्द ओलांडली की त्याच माणसाचे विशेषण गळून पडे. अस्पृश्यता मात्र हद्दीवर थांबत नसे.

बाबासाहेबांनी तो शब्द स्वीकारला आणि त्यात संघटना भरली. नागपुरात 1930 च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली भरलेले अधिवेशन ‘डिप्रेस्ड क्लासेस काँग्रेस’चे होते. जुलै 1942 मध्ये पुन्हा नागपुरातच परिषद भरली तीही ‘डिप्रेस्ड क्लासेस’च्या नावाने, आणि तिच्यातून बाहेर पडली ती ‘शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन’. जुने नाव घेऊन लोक मंडपात गेले आणि नवे नाव घेऊन गावी परतले. त्याच वेळी भरलेल्या महिला परिषदेच्या अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या, हे आपल्या मुलींनी लक्षात ठेवावे.

मधल्या काळात एक विशेषण वरून लादायचा प्रयत्न झाला, ते म्हणजे हरिजन. गांधीजींनी 1933 मध्ये त्या नावाचे साप्ताहिकच काढले. 1938 च्या जानेवारीत मुंबई कायदेमंडळात खेर सरकारच्या विधेयकात ‘हरिजन’ शब्द आला, तेव्हा कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी हरकत घेतली. सरकार ऐकेना, तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभागृह सोडून बाहेर पडले. एका शब्दासाठी सभात्याग! आज कोणी ‘शब्दात काय एवढं’ म्हणाले तर हा प्रसंग सांगावा. डिप्रेस्डमध्ये दाबणारा लपलेला होता. हरिजनमध्ये दाबणेच नाहीसे करून वर देवाचे नाव चिकटवले होते.

‘दलित’वर आपल्यात आजही वाद आहे, त्यात या लेखात फार खोल शिरत नाही. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात हा शब्द दळलेले, फोडलेले, तुकडे केलेले या अर्थाने आहे. व्याकरणाने तोही कर्मणीच. पण 1972 मध्ये दलित पँथर उभी राहिली आणि शब्दाच्या पुढे पँथर आला. ज्याचे तुकडे केले तोच अंगावर धावून येतो आहे, हा अर्थ ‘डिप्रेस्ड’ला कधीच मिळाला नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे हा शब्द वापरू नये अशी मागणी गेली आणि त्यानंतर 2018 मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना त्याऐवजी ‘अनुसूचित जाती’ म्हणा, अशी सूचना केली. आपल्यातल्या पुष्कळ बौद्धांना हा शब्द स्वतःसाठी नको असतो. आम्हालाही नको असतो. पण आम्ही तो सोडतो ते बौद्ध झालो म्हणून. मंत्रालयाला तो नकोसा वाटतो त्याचे कारण वेगळे असावे, अशी आमची शंका आहे. बातमीत ‘अनुसूचित जातीच्या तरुणाला मारहाण’ असे वाचताना राग निम्मा होतो.

14 ऑक्टोबर 1956, पुन्हा नागपूर. त्या दिवशी आपण घेतलेले ‘बौद्ध’ हे या रांगेतले पहिले विशेषण, जे कोणी दिले नाही, कोणत्या यादीत शोधावे लागले नाही. गोंदिया-भंडाऱ्याहून बैलगाड्यांनी, रेल्वेने, पायी गेलेल्या माणसांनी ते स्वतः उच्चारले. आणि त्याची किंमत मोजली. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदूखेरीज दुसरा धर्म पाळणारा अनुसूचित जातीचा मानला जात नव्हता. 1956 मध्ये त्यात शिखांना घेतले. बौद्धांसाठी दुरुस्ती झाली ती 1990 मध्ये. मधली चौतीस वर्षे केंद्राच्या सवलतींपुरते ‘बौद्ध’ लिहिणे म्हणजे ‘अनुसूचित’ गमावणे होते. महाराष्ट्र सरकारने राज्याच्या सवलती चालू ठेवल्या, पण विशेषणाला एक शेपूट जोडले: नवबौद्ध. आजही समाजकल्याणच्या योजनांवर, निवासी शाळांच्या पाट्यांवर ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ असेच लिहिलेले असते. सत्तर वर्षे होत आली. चौथी पिढी शाळेत जाते आहे. नवे कधी जुने होणार, हे कोणत्याही शासन निर्णयात आम्हाला सापडलेले नाही.

आता सुरुवातीच्या मुलांकडे येऊ. ‘डिप्रेस्ड’ सरकारी कागदांतून गेला आणि वैद्यकाच्या वाटेने परत आला. फरक असा की तेव्हा तो अनेकवचनी होता, आता एकवचनी आहे. अनेकवचनी डिप्रेस्डला जागा मागता येत होत्या, वसतिगृह मागता येत होते, सायमन कमिशनसमोर साक्ष देता येत होती. एकवचनी डिप्रेस्डला खोलीचे दार लावून घेता येते, एवढेच. पूर्वी दाबणारा लपवला जाई. आता सोबतच्या दाबलेल्यांनाही वगळले जाते. उरतो फक्त तो मुलगा आणि त्याचे ‘कमकुवत मन’.

नैराश्य हा खरा आजार आहे. त्याला औषध लागते, उपचाराने तो बरा होतो. झोप उडाली, जेवण सुटले, जगणे नकोसे वाटू लागले, तर डॉक्टरकडे गेलेच पाहिजे. ‘आंबेडकरी माणसाला डिप्रेशन कसलं’ अशी भाषणे देणाऱ्यांनी ती बंद करावीत. केंद्राची टेलि-मानस ही मोफत सेवा आहे, क्रमांक 14416, तो पाठ करून ठेवावा. आमचा आक्षेप उपचाराला नाही. दाबणाऱ्याला सोडून देण्यासाठी या शब्दाचा जो वापर होतो, त्याला आहे.

17 जानेवारी 2016 रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याची फेलोशिप अडकली होती, चार साथीदारांसह त्याला वसतिगृहातून काढले होते. त्यानंतर काय घडले? केंद्राने नेमलेल्या रुपनवाल आयोगाने कारण त्याच्या वैयक्तिक वैफल्यात शोधले आणि तो अनुसूचित जातीचा नव्हताच असेही म्हटले. म्हणजे एका तरुणाच्या मृत्यूनंतर दोन विशेषणांचा खेळ झाला. निराश हे त्याला चिकटवले आणि अनुसूचित हे त्याच्यावरून खरवडले. 22 मे 2019 रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. जळगावकडची, आदिवासी तडवी भिल्ल समाजातली, पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणारी मुलगी. तिथे तिच्या आईने आणि संघटनांनी पहिल्या दिवसापासून जातीय छळाचे बोट सोडले नाही, म्हणून प्रकरण अॅट्रॉसिटीच्या कलमांसह न्यायालयात उभे राहिले. दिल्लीच्या एम्समध्ये आपल्या मुलांना वर्गात, वसतिगृहात, खेळाच्या मैदानावर कसे वेगळे पाडले जाते, हे थोरात समितीने 2007 मध्येच लिहून दिले होते. एका मुलाचे मन नव्हे, संस्थेची रीत तपासली की काय दिसते, त्याचा तो अहवाल नमुना आहे.

आपल्या जिल्ह्यात एवढी मोठी विद्यापीठे नाहीत, पण दाब आहेत, आणि ते कागदाचे आहेत. शिष्यवृत्तीचा हप्ता पडलेला नाही म्हणून महाविद्यालयाने अडवलेली गुणपत्रिका. जात वैधतेसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागितलेला, आणि पणजोबाचे नाव असलेले दाखल-खारीज रजिस्टर वाळवीने खाल्लेले. नागपूर-पुण्याला प्रवेश मिळाला पण वसतिगृहात नंबर नाही, स्वाधारचे पैसे वर्ष संपताना येणार. पोलीस भरतीत दोन गुणांनी हुकलेला मुलगा घरी धानाच्या बांधीत उतरतो आणि गावातला मालक विचारतो, ‘काय साहेब, झाले का साहेब?’ यातले काय मनाचे आणि काय दाबाचे?

म्हणून आमच्या अभ्यासवर्गात आम्ही एक साधी रीत ठेवली आहे. कोणी ‘मी डिप्रेस्ड आहे’ म्हणाले की दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे, एकात दुसरा मिसळायचा नाही. पहिला शरीर-मनाचा. झोप, भूक, भीती, मरणाचे विचार. त्यात होकार आला की त्याच दिवशी सोबत जाऊन जिल्हा रुग्णालयात दाखवायचे, एकट्याला पाठवायचे नाही. दुसरा प्रश्न, गेल्या वर्षभरात काय-काय अडले? त्याची यादी कोऱ्या कागदावर करायची: कोणता अर्ज, कोणत्या तारखेला, कोणत्या टेबलावर, काय उत्तर मिळाले. गेल्या पावसाळ्यात एका बैठकीत अकरा मुलामुलींनी अशा याद्या केल्या, आणि शेजारी-शेजारी ठेवल्यावर त्यांतल्या सात याद्यांत एकच प्रलंबित शिष्यवृत्ती निघाली. सातही जण तोवर आपापल्या खोलीत वेगवेगळे डिप्रेस्ड होते. मग एकच निवेदन झाले, सात सह्यांचे, मागे सात पोचपावत्या जोडलेले. पुढची बैठक दुसऱ्या रविवारी विहारात आहे. येताना आपले अर्ज आणि पोचपावत्या सोबत आणाव्यात.

जय भीम!